डिस्ट्रिब्युटरला हो म्हणण्याआधी : यावलच्या बचतगटाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. यावल तालुक्यातल्या एका महिला बचतगटाचा केळी वेफर्सचा छोटा उद्योग आहे, तीन वर्षं झाली. प्रदर्शनात माल मांडला की दुपारपर्यंत टेबल रिकामं होतं. किराणा दुकानदार मात्र माल ठेवत नाहीत, ठेवला तर पैशासाठी चार फेऱ्या मारायला लावतात. आता भुसावळचा एक डिस्ट्रिब्युटर आठ टक्के मार्जिन आणि महिन्याच्या उधारीवर सगळा जिल्हा मागतोय. त्याला द्यावा का? सुरतेत माल चालेल का? जोडीला टोमॅटो सॉस आणि भरीत काढावं का? आणि सरकारी योजनेतून मोठं मशीन घ्यावं का?

ताई, मशीनचं नाव सध्या काढू नका. तुमची आत्ताची कढई दिवसाला जेवढं तळते तेवढं तरी महिनाभर, रोख पैशात, ओळखीपाळखीबाहेर विकलं जातंय का, एवढंच आधी बघा. मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. त्यातली पहिली सहा वर्षं मी माल बनवत होतो आणि विकतोय असं समजत होतो.

त्या काळातली गोष्ट सांगतो. चाळीसगावकडच्या एका डिस्ट्रिब्युटरने माझे चाळीस खोके एकदम उचलले. मी खूश. लगेच केळी जास्त घेतली, दोन बाया वाढवल्या, पुढचे चाळीस खोके तयार केले. अडीच महिन्यांनी तिकडे गेलो तर सत्तावीस खोके त्याच्या गोदामातच, पत्र्याखाली. एप्रिल संपत आलेला, आपल्याकडचा एप्रिल. बाजारात एका दुकानात माझी पाकिटं दारातच लटकवलेली दिसली, दुकानाचं तोंड पश्चिमेला. एक पाकीट काढून फोडलं. खालच्या कोपऱ्यात तेल जमलेलं, वास खवट, आणि छापलेली मुदत अजून दीड महिना बाकी! त्या दुकानदाराने परत माझा माल ठेवला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. माल डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात पडला म्हणजे विकला गेला नाही. तो दुकानातून गिऱ्हाईकाच्या पिशवीत जातो आणि पैसा उलटा तुमच्या हातात येतो, तेव्हा विकला जातो. मधलं सगळं तुमचंच भांडवल दुसऱ्याच्या छपराखाली असतं.

आता आठ टक्क्यांकडे येऊ. आठ टक्के ऐकायला बरे वाटतात, म्हणून कागद घ्या आणि एमआरपीपासून मागे मोजत या. बहुतेक गट उलटं करतात, खर्चावर वीस टक्के चढवतात आणि तीच एमआरपी छापतात. धरा, २०० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी ६० रुपये. नावाजलेल्या कंपनीचा माल दुकानदार थोड्या मार्जिनवर ठेवतो, कारण गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं. तुमचं नाव कोणी घेत नाही, म्हणून तो एमआरपीवर २० टक्के मागणारच. गेले १२ रुपये, राहिले ४८. त्यावर डिस्ट्रिब्युटरचे ८ टक्के म्हणजे ३ रुपये ८४ पैसे. राहिले ४४ रुपये १६ पैसे. त्यात ५ टक्के जीएसटी आहे, तो काढला की साधारण ४२. मग पहिल्याच महिन्यात निरोप येतो, ‘भाऊ, स्कीम द्या, बारावर एक.’ बारावर एक फुकट म्हणजे प्रत्येक पाकिटामागे सव्वातीन रुपये गेले, उरले ३८ रुपये ८० पैसे. गाडीभाडं दीड रुपया आणि परत आलेला, चुरा झालेला माल सव्वा-दीड रुपया धरा. तुमच्या हातात ३६.

खर्च बघू. साडेचार किलो घडाच्या केळीतून एक किलो वेफर्स निघतात, म्हणजे पाकिटाला ९०० ग्रॅम केळी. १२ रुपये किलोने १० रुपये ८० पैसे. तेल पिऊन आणि वाया जाऊन ६५ ग्रॅम, १४० च्या भावाने ९ रुपये १० पैसे. मीठ-मिरी १, मजुरी ४, गॅस किंवा लाकूड अडीच, छापील पाऊच ३, खोका १, वीज-भाडं-हप्ता मिळून २. बेरीज ३३ रुपये ४० पैसे. पाकिटामागे सुटले २ रुपये ६० पैसे. हे केळी १२ रुपये असताना. केळी २० झाली की त्याच पाकिटावर ४ रुपये ६० पैसे घरातून जातात, आणि एमआरपी तर छापून बसलीय. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पण हे गणित बायांना सगळ्यांना मध्ये बसवून करा, फक्त अध्यक्षाने नको.

हेच पाकीट प्रदर्शनात ६० ला विकलं तर कर काढून ५७ रुपये हातात येतात, पावणेचोवीस सुटतात. म्हणून प्रदर्शन गोड वाटतं. पण प्रदर्शनाचा गिऱ्हाईक परत भेटत नाही, आणि स्टॉलचं भाडं, चार बायांचे तीन दिवस, येण्याजाण्याचा खर्च आपण कधीच लिहीत नाही. सावदा-फैजपूर-रावेर रस्त्यावर समोर कढई ठेवून तळून देणारे बघा. त्यांना ना पाऊच, ना डिस्ट्रिब्युटर, ना उधारी. गाडी थांबते, वास येतो, किलोभर माल जातो. त्या वाटेला कमी समजू नका. तुमचं गाव हमरस्त्याला असेल तर पहिली टपरी तिथेच टाका.

मग दुकानांचं काय? मी तुम्हाला किराणा दुकानाआधी फरसाणवाल्याकडे पाठवीन. काचेच्या बरणीतून पाव किलो, अर्धा किलो मोजून देणारा माणूस. त्याला तुमचं नाव नको, छापील पाऊच नको, स्कीम नको. त्याला रोज एकसारखा, न तुटलेला, तेलकट नसलेला माल हवा, पाच-दहा किलोच्या पिशवीत. पाऊच-खोक्याचे चार रुपये वाचले, म्हणजे किलोचा खर्च १४७, पिशवी धरून १५०. तो १८५ ने रोखीत घेईल, कर वेगळा. किलोला ३५ म्हणजे २०० ग्रॅमला ७ रुपये. डिस्ट्रिब्युटरच्या वाटेच्या अडीचपट, आणि पैसा त्याच आठवड्यात. जळगाव, भुसावळ, अमळनेर, पाचोरा मिळून असे वीस दुकानदार धरले की तुमची कढई भरली. त्या पिशवीलाही लेबल लागतं बरं का. अन्न परवान्याचा नंबर, बॅच, तारीख. सुटा माल म्हणून सूट नाही.

यात एक मेख आहे. फरसाणवाला चवीला पक्का, निष्ठेला कच्चा. दोन रुपयांनी स्वस्त मिळाला की तो सरकतो. त्याला धरून ठेवायचं तर एकच उपाय, तुमचा माल कधी चुकू नये. आणि इथेच आपले बहुतेक उद्योग बसतात, कारण पुरवठा चुकतो तो विक्रीच्या बाजूने नाही, खरेदीच्या बाजूने.

केळी वर्षभर मिळते असं बाहेरचे लोक समजतात. आपल्याला माहीत आहे, नवतीचा म्हणजे नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाचा हंगाम वेगळा, पिलांवर घेतलेली पिलबाग वेगळी, पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग वेगळी. मध्ये वादळ आलं की आठवड्यात दर उलटापालटा. उत्तरेकडची मागणी वाढली की व्यापारी वेफर्सवाल्याकडे बघत पण नाही. मग गट काय करतो, वापसीची, म्हणजे व्यापाऱ्याने नाकारलेली केळी उचलतो. वापसीची केळी स्वस्त, हे खरं. पण त्यातली काही पिकायला टेकलेली असते. केळ पिकायला लागलं की स्टार्चची साखर होते आणि तळताना वेफर लाल पडतो, कडेने काळा. मीठ-मिरी टाकून तो लपत नाही. एकाच पिशवीत अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी, असा माल फरसाणवाला परत करतो आणि बरोबर करतो.

त्यापेक्षा पॅकहाऊस गाठा. रावेर, यावल, चोपड्यात निर्यातीची केळी भरणारी पॅकहाऊसं आहेत. २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची जीआय (भौगोलिक) मानांकनाची जळगाव केळी दुबईला गेली, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. निर्यातीच्या खोक्यात फणी बसवताना लांबी, जाडी, डाग, सगळं मोजतात. जी फणी बसत नाही ती बाजूला पडते, आणि ती आतून तुम्हाला हवी तशीच असते : पूर्ण भरलेली, कच्ची, धुतलेली, दांड्याशिवाय. दांडा नसल्याने उताराही वाढतो. अशा दोन पॅकहाऊसांशी आणि तुमच्याच गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांशी वर्षाचं बोलून ठेवा. मी करतो ती पद्धत अशी : एक किमान दर लिहून द्यायचा, बाजार कितीही पडला तरी त्याखाली जायचं नाही, आणि बाजार वर गेला तर वाढीचा अर्धा भाग द्यायचा. शेतकऱ्याला मंदीत आधार, तुम्हाला तेजीत. मंदीच्या महिन्यात हा दर टोचतो. मला पण टोचतो. पण तेजीत ज्या दिवशी बाकी सगळ्यांच्या कढया थंड असतात त्या दिवशी माझा फरसाणवाला मला फोन करतो, मी त्याला नाही.

सुरतेबद्दल. सुरतेत खान्देशी माणूस किती आहे हे सांगायला नको. उधना, लिंबायत, डिंडोलीत फिरलं तर अहिराणी ऐकू येते. पण तिथे वेफर्स घेऊन जाल तर फसाल, कारण सुरतकराला मरी (मिरी) टाकलेले ताजे केळा वेफर्स गल्लीच्या तोंडाशी मिळतात. तिथे सुरतकराला नाही, खान्देशी माणसाला विकायचं, आणि जे तिथे मिळत नाही ते विकायचं : बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, काळा मसाला, नंदुरबारकडची मिरची पूड, सोबत वेफर्स. श्रावणात कानबाईच्या सणाला गावी आलेला माणूस परत जाताना पिशवी भरून नेतो. ती पिशवी त्याला वर्षभर तिथेच मिळाली तर तो घेतो. तुमच्या गटातल्या कोणाचं माहेर किंवा लेक तिकडे असेलच. तिच्या घरातून महिना दोन महिने चालवा, दुकान नंतर. आणि एक कायद्याची गोष्ट, जी कोणी सांगत नाही : महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण कराचा माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. नवापूर ओलांडण्याआधी हे करून घ्या.

सॉस नको. कायद्याने केचपमध्ये विद्राव्य घटक किमान २५ टक्के लागतात, तेवढा टोमॅटो आटवायचा म्हणजे इंधन आणि माल दोन्ही खाणार. समोर मोठ्या कंपन्या, आणि खालून भोपळ्याचा स्वस्त सॉस गाडीवाल्यांना पुरवणारे. तुम्ही मधल्या मध्ये चिरडाल.

भरिताचं उत्तर थोडं लांब, कारण इथे जिवाची गोष्ट आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळालं, बामणोदचं वांगं सगळ्यांना माहीत, तेव्हा मोह होणं साहजिक आहे. पण काड्यांवर भाजलेलं भरीत डबाबंद किंवा पाऊचबंद करणं म्हणजे लोणचं भरणं नव्हे. लोणच्यात आम्ल असतं, जाममध्ये साखर. भरितात दोन्ही नाही. ज्या पदार्थाचा पीएच ४.६ च्या वर आहे तो हवाबंद करून साध्या तापमानाला ठेवायचा तर रिटॉर्टमध्ये दाबाखाली, १२१ अंशांच्या आसपास शिजवावा लागतो. नुसतं उकळून, गरम भरून चालत नाही. आत बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि वास-चव बदललेली नसतानाही तो पदार्थ विषारी असू शकतो. मी दोन गटांना हे करताना पाहिलंय आणि दोघांच्या पाया पडून बंद करायला लावलंय. भरीत विकायचं तर हिवाळ्यात, त्याच दिवशीचं, किलोवर. पुण्या-मुंबईचे लोक रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल मागवतात, तेवढीच त्याची वाट. रिटॉर्ट हवाच तर सुविधा असलेल्या केंद्रात भाड्याने करून घ्या, आणि प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय एक पाकीट बाहेर जाऊ देऊ नका.

नवा पदार्थ हवाच असेल तर घेणारा आधी शोधा. जळगावातलंच उदाहरण आहे. १९७८ मध्ये जैन इरिगेशनचे भवरलाल जैन यांनी केळी भुकटीचा जुना कारखाना घेतला आणि तिथे केळीची भुकटी करत बसण्याऐवजी पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम काढलं, कारण त्याचं गिऱ्हाईक बाहेर होतं. पुढे पांढऱ्या कांद्याचं निर्जलीकरण आलं, तेही शेतकऱ्यांशी करार करून. तुम्ही-आम्ही तेवढे मोठे नाही, पण क्रम तोच. शहाद्याकडची पपई बघा. पिकली पपई उत्तरेत जाते, दर पाडला की शेतकरी आणि व्यापारी आमनेसामने. कच्ची पपई मात्र टूटी-फ्रूटीला लागते, तिचा गिऱ्हाईक बेकरीवाला, आइस्क्रीमवाला, पानवाला. माल २५ किलोच्या ड्रममध्ये, महिने न् महिने टिकणारा, दुकानाच्या फळीशी संबंधच नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे बाया कैरीच्या चकत्या वाळवून आमचूर करतात आणि पोत्याने व्यापाऱ्याला देतात. त्यात नुसती प्रतवारी करून, पांढरी चकती वेगळी आणि काळपट वेगळी, थेट मसालेवाल्याला दिली तरी फरक पडतो.

कधीतरी कोणी येईल आणि म्हणेल, माझ्या नावाच्या पाकिटात भरून द्या. घ्या ते काम. आपलं नाव मोठं करायची हौस थांबू शकते, कढई थांबू नये. फक्त पाऊच त्याचे असले तरी पाऊचवर तुमच्याही अन्न परवान्याचा नंबर येतो, म्हणजे तक्रार तुमच्याकडेही येणार. तेल त्याने सांगितलं म्हणून स्वस्तातलं वापरू नका. आणि छापील पाऊच त्याचे तीन महिन्यांचे पडून राहिले आणि तो पळाला तर ते तुम्हाला कुठेच चालत नाहीत, म्हणून पाऊचचे पैसे त्याच्याकडूनच.

उधारीसाठी एक हत्यार हाताशी ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली नसेल तर या आठवड्यात करा, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय आयकर कायद्याने (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)), ज्याने असे पैसे मुदत उलटूनही वर्षअखेरीपर्यंत दिले नाहीत त्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा. खेड्यातल्या दुकानदाराला याने काही फरक पडणार नाही, पण डिस्ट्रिब्युटरचा सीए मार्चमध्ये त्याला स्वतःहून तुमचे पैसे द्यायला लावतो, हे मी दोनदा अनुभवलंय.

योजनेचं म्हणाल तर पीएमएफएमई, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, २०२० पासूनची. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, हे सगळ्यांना पाठ. जळगावला त्यात केळी हेच एक जिल्हा एक उत्पादन. पण त्याच योजनेत बचतगटाच्या सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, आणि गट, उत्पादक कंपन्यांना एकत्र येऊन ब्रँडिंग-विक्रीसाठी निम्मं अनुदान आहे, ते कोणी विचारत नाही. योजनेला मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती; सध्या निधी आणि मुदत काय आहे ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून घ्या. मशीनपेक्षा मला तुमच्यासाठी नायट्रोजन भरून सील करणारं साधं यंत्र आणि बरा मेटलाइज्ड (आतून चंदेरी) पाऊच जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणजे माल लवकर खवट होत नाही. माझे सत्तावीस खोके आठवा.

आता तो भुसावळचा माणूस. त्याला तोडू नका, पण जिल्हा देऊ नका. फक्त भुसावळ शहर द्या, तीन महिन्यांसाठी, कागदावर. पहिल्या तीन खेपा रोख, मग पंधरा दिवसांची उधारी, आणि मागचं बिल आल्याशिवाय पुढचा माल नाही. परतीचा माल मुदत संपायच्या महिनाभर आधीच परत यायला हवा, संपल्यावर नाही. आणि दर पंधरवड्याला दुकानवार यादी : कुठल्या दुकानात किती दिला, किती शिल्लक. यादी द्यायला तो कुरकुर करेल. ज्याच्याकडे खरोखर सेल्समन आणि दुकानांची ठरलेली लाइन आहे तो देतो, ज्याला फक्त गोदामात माल भरून तुमची स्कीम खायची आहे तो टाळतो.

यादी आली की त्यातली दहा दुकानं निवडा आणि न सांगता स्वतः जा. दुकानदाराला आधी काही विचारू नका. पाकीट उचलून बॅच नंबर वाचा, खालचा कोपरा दाबून तेल उतरलंय का बघा, एक विकत घ्या आणि पाच मिनिटं बाजूला उभं राहून वेफर्स मागणारं गिऱ्हाईक कोणतं पाकीट उचलतं ते बघा.